देवदाराचा फूटभर मासा

व्हर्लन सिस्कच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली, त्याच दिवशी मी ठरवलं की आपण फूटभर लांबीचा लाकडी मासा तयार करायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं माझ्या बायकोने, जोनेलने, मला विचारलं. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." खरं तर मलाही तेव्हा नीट कळलेलं नव्हतं, पण नवऱ्याने असं कबूल करायचं नसतं.

व्हर्लन माझा शेजारी. आमच्या परसांच्या मध्ये चार फुटी लाकडी कुंपण आहे. त्या कुंपणापलीकडून तो अकरा वर्षांत माझ्याशी एक अक्षर बोललेला नव्हता. त्याआधीची बावीस वर्षं आम्ही दर शनिवारी पहाटे एकाच होडीत बसून बास मासे धरत होतो.

आता बास धरण्याबद्दल दोन शब्द. त्याला पाण्याखाली गांडूळ दाखवून धरणारे लोक आहेत. असतात बिचारे. पण टेनेसीतल्या आमच्या या धरणाच्या काठी ज्याला स्वतःबद्दल थोडा तरी आदर आहे, तो बास वरून धरतो. गळ लावलेला चांगला थोराड लाकडी मासा पाण्यावर फेकायचा, गळाच्या काठीचं टोक हलवत त्याला डावीकडे-उजवीकडे झुलवत आणायचं आणि वाट बघायची. मोठा बास खालून येतो आणि पाणी फोडतो. भरलेली बादली एकदम उपडी व्हावी तसा आवाज होतो. खरी परीक्षा इथेच असते. पाणी फुटलं की माणसाचा हात आपोआप वर जातो. तो जाऊ द्यायचा नाही! पहिल्या झडपेत मासा पुष्कळदा आमिषाला नुसता धक्का देतो. त्याचं वजन काठीला लागेपर्यंत दम धरायचा, आणि मगच हिसका द्यायचा.

व्हर्लनला हे जमायचं. मला कधीच जमलं नाही. मी मुळातच जरा आधी असतो. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांची प्रार्थना संपायच्या एक वाक्य आधी माझं आमेन होतं. जोनेलला मी लग्नाचं विचारलं तेव्हा तिच्या तोंडात आइस्क्रीम होतं, आणि ती आजही म्हणते की ती मान हलवत होती ती दात शिवशिवले म्हणून.

तर अकरा वर्षांपूर्वी, जून महिन्यात, आम्ही गिरणीच्या खाडीत होतो. धरण बांधलं तेव्हा तिथे जुनी पिठाची गिरणी बुडाली, तिच्या भिंतींच्या आडोशाला मोठे बास राहतात. व्हर्लनने स्वतः कातलेला लाकडी मासा पाण्यावर झुलत होता. त्याच्यामागे पाणी फुगलं आणि फुटलं. तेवढा बास मी आयुष्यात पाहिला नव्हता. काठी व्हर्लनच्या हातात होती. त्याचा हात जागचा हलला नव्हता. आणि मागे बसलेला मी ओरडलो, "मार!"

बावीस वर्षांच्या भरवशाने त्याने माझं ऐकलं. त्याने हिसका दिला, बास गेला, आणि लाकडी मासा हवेतून सणसणत येऊन व्हर्लनच्या टोपीत रुतला. टोपीत डोकं होतं.

परतीच्या वाटेवर तो एवढंच बोलला. "हार्लन, तुला गप्प बसता येत नाही ना? मग मी बसतो."

व्हर्लन शब्दाचा पक्का माणूस आहे. मी पहिल्याच आठवड्यात कुंपणापाशी जाऊन माफी मागितली होती. तीन वाक्यं फार चांगली गेली. चौथं वाक्य "पण तूही माझं ऐकायला नको होतंस" असं निघालं. तो घरात गेला आणि जाळीचं दार लागलं. त्यानंतर योग्य वेळेची वाट बघण्यात अकरा वर्षं गेली. आमच्या बायकांचं मात्र काहीच बिनसलं नव्हतं. जोनेलचा मक्याचा पाव कुंपणावरून तिकडे जायचा, व्हर्लनच्या डव्हीची तळलेली भेंडी इकडे यायची, आणि दोघी आमच्याविषयी असं काही बोलायच्या जणू आम्ही आजारी आहोत.

डव्हीकडूनच कळलं की ते लेकीकडे, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, कायमचे चाललेत. महिनाभरात जाणार.

"कुंपण चार फुटांचं आहे, हार्लन," जोनेल म्हणाली. "जा आणि बोल त्याच्याशी."

"योग्य वेळ आली की बोलेन."

"तू आणि योग्य वेळ!" ती म्हणाली, आणि भांडी जरा जोरात ठेवायला लागली.

माझा बेत असा होता: आपल्या हाताने लाकडी मासा घडवायचा, गिरणीच्या खाडीत जायचं, वजन लागेपर्यंत थांबून तो बास धरायचा आणि व्हर्लनच्या पायरीवर नेऊन ठेवायचा. एक शब्दही न बोलता. मग बोलणं त्याच्यावर. बेतात खोट एवढीच होती, की व्हर्लन शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि मी त्याच शाळेत नागरिकशास्त्र.

लाकूड देवदाराचंच हवं. दुकानात फळ्या होत्या, ठोकळा नव्हता. घरात मात्र पाहुण्यांच्या खोलीत देवदाराचा चारखांबी पलंग होता. आमच्याकडे पाहुणा शेवटचा आला त्याला सहा वर्षं झाली. समजा आलाच, तर तीन खांबांच्या पलंगावर झोपून कोणी मेल्याचं ऐकिवात नाही. हा हिशेब जोनेलला पटला असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमचं लग्न झालेलं नाही.

"माझ्या आईचा पलंग!" ती ओरडली.

"एकच खांब."

"उद्या मी तुझा एकच पाय कापते, मग बघू."

मी मागच्या ओसरीत बसून कोरायला सुरुवात केली. कुंपणापलीकडे व्हर्लन सामान खोक्यांत भरत होता. माझी पटाशी लाकडावर घसरली की तिकडची खोकी थांबायची. दुसऱ्या दिवशी मी लाकडाच्या रेघांच्या उलट्या बाजूने तासायला लागलो, तेव्हा तो हातातलं खोकं खाली ठेवून, कपाळाला हात लावून पायरीवर बसला. चाळीस वर्षं मुलांना तासकाम शिकवलेला माणूस, आणि त्याला तोंड उघडता येत नव्हतं. मला वाईट वाटलं. थोडी मजाही वाटली, खोटं कशाला सांगू.

या गावात माणूस ओसरीवर काहीही करत बसला की ते सार्वजनिक काम होतं. एलवूड न्हावी दुकान उघडं टाकून आला आणि म्हणाला, "डोकं पांढरं रंगव. बासला पांढरं डोकं दिसलं की राग येतो." निवृत्त पोस्टमास्तर रूफस टिडवेल म्हणाला, की रंगाला बास विचारत नाही, आवाजाला विचारतो, तेव्हा पोटात छर्रे घाल. "आणि एवढा मोठा कशाला? हे बघून मासे काठावर चढतील." खुद्द पाद्रीसाहेब बर्फाचा गोड चहा पीत तासभर बसले आणि हाडाच्या रंगाचा आग्रह धरून गेले. प्रत्येकाचं मत वेगळं, पण फाटकातून बाहेर पडताना प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा: "त्यापेक्षा व्हर्लनला का नाही विचारत?"

मी मान डोलवायचो. घरात येऊन पाणी प्यायचो.

आठव्या दिवशी मासा तयार झाला. न्हाणीघरातल्या टबात सोडला तर तो पोट वर करून तरंगला, अगदी अंत्यविधीची वाट बघत असल्यासारखा. मी म्हटलं, टब लहान आहे, त्याला जागा हवी. आमच्या वसाहतीत सगळ्यांचा मिळून एक पोहण्याचा तलाव आहे. त्याच्या समितीच्या अध्यक्षा मिसेस मेबेल क्रेनशॉ. त्यांनी नियमांची वही काढली, मग मोजपट्टी काढली. तलावात एक फुटापेक्षा लांब तरंगती वस्तू आणायला मनाई होती. माझा मासा सव्वाबारा इंच भरला.

"पाव इंच ही शेपटी आहे, मिसेस क्रेनशॉ."

"नियमात शेपटीला सूट नाही, मिस्टर हार्लन."

मी तिथेच बसून पाव इंच शेपटी कानशीने घासली. इतका अपमान मी नागरिकशास्त्राचे पेपर तपासतानाही सोसला नव्हता. शेवटी परवानगी मिळाली. तलावाच्या एका अंगाला बायकांचा पाण्यातला व्यायाम चालू होता, त्यामुळे मी दुसऱ्या अंगाला तोंड करून मासा फेकला. पुढे फेकण्याआधी काठी मागे न्यावी लागते, हे अकरा वर्षांत विसरायला झालं होतं. मागे मिसेस क्रेनशॉंची गवती टोपी होती. पुढे गेला तो मासा टोपीसकट, आणि तलावाच्या मधोमध पडून, टोपी वर आणि मासा खाली, असा तरंगत राहिला. व्यायाम करणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वसाहतीचं पत्र आलं, ते मी इथे उद्धृत करत नाही.

त्या संध्याकाळी कुंपणावर भेंडीचं भांडं आलं. भांड्याखाली सँडपेपर होता. बारीक, सुताराचा.

"डव्हीने ठेवला असेल," जोनेल म्हणाली, माझ्याकडे न बघता.

डव्हीला सँडपेपर कशाशी खातात ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भांड्याखाली कागद निघाला. त्यावर शिसपेन्सिलीने माझ्याच माशाची आकृती काढलेली होती, आणि पोटाच्या रेषेवर तीन फुल्या. तिथे भोकं पाडून शिसं भरायचं, म्हणजे मासा सरळ तरंगेल. कागदावर एकही शब्द नव्हता. मी तो उलटा करून बघितला, उजेडात धरून बघितला. नव्हता. कागद घडी करून पाकिटात ठेवला, तो अजून आहे.

फुल्यांवर शिसं भरलं आणि मासा टबात सरळ तरंगला. मी टबाच्या काठावर बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. मला व्हर्लनची आठवण आली. माणूस वीस पावलांवर राहत होता आणि मला त्याची आठवण येत होती.

आता होडी. होडी माझ्या परसात ताडपत्रीखाली होती, तिचं इंजिन व्हर्लनच्या गॅरेजमध्ये. भांडणानंतर आपोआप झालेली वाटणी ही. नोंदणी केव्हाच संपलेली. मी कचेरीत गेलो. खिडकीत मिस अर्लीन होती, माझीच जुनी विद्यार्थिनी.

"मिस्टर हार्लन, होडी दोघांच्या नावावर आहे. दोघांच्या सह्या लागतील."

"दुसरे मालक गाव सोडून चाललेत."

"गेलेत का?"

"नाही अजून."

"मग आणा सही. तुम्हीच शिकवलंत ना, नियम सगळ्यांना सारखा."

शिक्षकाने काय शिकवावं याचा आधी विचार करायला हवा. अर्ज मक्याच्या पावाखाली तिकडे गेला आणि सही होऊन परत आला. सही शिसपेन्सिलीने केलेली. मिस अर्लीन म्हणाली, पेन्सिल चालत नाही. अर्ज पुन्हा गेला. या वेळी डव्हीच्या पेनाने, हिरव्या शाईत. मिस अर्लीन म्हणाली, काळी किंवा निळी. तिसऱ्यांदा मी पावासोबत माझं पेन पाठवलं. अर्ज आला, पेन आलं नाही. मला का कोण जाणे बरं वाटलं.

मग मिस अर्लीनने शेवटचं कलम वाचून दाखवलं. नोंदणी दहा वर्षांवर बंद असेल तर होडीची पाण्यावर तपासणी, दोन्ही मालकांनी जातीने हजर राहायचं. शनिवार, सकाळी सहा. आणि सोमवारी व्हर्लनच्या दारात सामानाचा ट्रक यायचा होता. घर विकलं गेलं होतं.

चिठ्ठी पावाखाली गेली. उत्तर आलं नाही.

शनिवारी पहाटे मी होडी घेऊन धक्क्यावर पोचलो, तर व्हर्लनची गाडी आधीच उभी होती. तो इंजिन घेऊन आला होता. डोक्यावर तीच टोपी, भोक डव्हीने रफू केलेलं. आम्ही इंजिन उचललं, बसवलं, पेच आवळले. कुणाचा हात कुठे जायचा ते हातांना पाठ होतं, बोलायची गरज पडली नाही. एवढ्यात माझा फोन वाजला. तपासणी अधिकाऱ्याला तासभर उशीर होणार होता. "तुम्ही दोघं होडीत बसून घ्या," तो म्हणाला. "पाण्यावरच तपासायचीय."

बसलो. होडी आपणहून वाहत गिरणीच्या खाडीकडे निघाली. पाण्यावर धुकं होतं. या वेळी मी पुढे होतो आणि व्हर्लन मागे, माझ्या जुन्या जागेवर. अकरा वर्षं जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या घशाशी आली होती, आणि मला खात्री होती की त्यांतलं पहिलंच चौथं वाक्य असेल. म्हणून मी गप्प बसलो. व्हर्लनने माझ्या आमिषांच्या पेटीतून माझा मासा काढला. त्याच्यावरून अंगठा फिरवला. एका ठिकाणी अंगठा अडला, तिथे त्याने डोळे मिटले. मग मासा दोरीला बांधला, काठी माझ्या हातात दिली.

मी फेकला. थप, थप, थप. मासा डावीकडे, उजवीकडे झुलायला लागला. पलंगाचा खांब असा चालेल असं माझ्या सासूबाईंनाही वाटलं नसतं.

गिरणीच्या भिंतीपाशी पाणी फुगलं. मग फुटलं.

माझा हात निघाला. मी सांगतो, निघालाच होता. आणि मागून, अगदी हळू, आवाज आला:

"थांब."

हात थांबला.

"थांब... अजून थांब..."

अकरा वर्षं! मला तो आवाज जरासा जाडा झालेला वाटला. म्हातारा झालेला. मला त्याचा चेहरा बघायचा होता. मी मागे वळलो आणि म्हणालो, "व्हर्लन?"

"अरे, आता!" तो ओरडला. "आता मार! पाण्याकडे बघ, गाढवा, माझ्याकडे काय बघतोस!"

मी पाण्याकडे बघेपर्यंत काठी हातातून निसटली होती. होडीच्या काठावर एकदा आपटली आणि पाण्यात गेली. रीळ, दोरी, पलंगाचा खांब, सगळं घेऊन बास गिरणीत गेला.

मग व्हर्लन सिस्क बोलायला लागला. अकरा वर्षांची शिल्लक होती. माझ्या हातापासून सुरुवात झाली, मग लाकूड उलटं तासणं, मग मिसेस क्रेनशॉंची टोपी, मग कुठल्या तरी जुन्या ख्रिसमसला मी आधीच उघडलेली भेट. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होतो. तो दम घ्यायला थांबला तेव्हा मी म्हटलं, "माझं चुकलं, व्हर्लन. मी ओरडायला नको होतं. मला फार वाईट वाटलं होतं." तीन वाक्यं झाली. चौथं आलं होतं तोंडात. गिळलं.

व्हर्लनने टोपी काढून पुन्हा घातली. "तेव्हा कुंपणापाशी का नाही थांबलास इथेच?" तो म्हणाला.

अधिकारी आला तेव्हा व्हर्लनची दुसरी फेरी चालू होती. तो धक्क्यावरून विचारता झाला, "तुमचं दोघांचं काही भांडण आहे का?"

"होतं," व्हर्लन म्हणाला.

होडी नापास झाली. तिच्यात शिट्टी नव्हती.

सोमवारी ट्रक आला आणि ते गेले. जायच्या आधी व्हर्लनने माझं पेन परत दिलं, मी म्हटलं राहू दे. नवे शेजारी भले आहेत. कुंपणावर काही ठेवत नाहीत. लाकडी मासा पंधरा दिवसांनी रूफसला काठावर सापडला. दोरी तुटलेली, पोटावरचा रंग खरवडून निघालेला, पण सरळ तरंगत होता. मी शिट्टी आणली, होडी पास करून घेतली. नावं दोघांचीच ठेवली.

आता दर शनिवारी पहाटे मी खाडीत जातो आणि व्हर्लनला फोन लावून मागच्या बाकावर ठेवतो, त्याच्या जागेवर. तिकडे अजून अंधार असतो, पण तो जागा असतो. घरामागे नुसते दगड आहेत म्हणतो. मासा पाण्यावर चालायला लागला की तो श्वास रोखतो, ते मला ऐकू येतं. पाणी फुटलं की बाकावरून आवाज येतो, "थांब." उन्हाळाभर मी तीन बास धरले.

पण ऑक्टोबर सरला, पाणी गार पडलं, आणि बास तळाशी गेले. आता वसंतापर्यंत ते वर यायचे नाहीत. हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. पहिल्या शनिवारी काही झालं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. आम्ही हवेबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो, आणि बोलणं संपलं. काल तिसरा शनिवार होता. मला राहवलं नाही. मी वल्हं उचललं आणि होडीच्या कडेला पाण्यावर जोरात हाणलं.

"थांब," फोनमधून आवाज आला. "थांब... थांब..."

मी थांबलो. वल्ह्यावरून पाणी ठिबकत राहिलं.

"हार्लन," तो म्हणाला, "वल्हं होतं ना ते?"

"हो."

तिकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"परत मार," तो म्हणाला.